बाहुल्या राजाची राणी: ‘मिस्टर क्वीन’ ही कोरियन मालिका पाहताना

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आमच्या कानावर आल्या. एक म्हणजे, ‘अहो, व्याख्यानमालेत कोरियन सिरियल?’ आणि दुसरी, ‘आम्ही ती दोनदा पाहिलीय, तुम्ही आणखी काय सांगणार?’ पहिल्या मंडळींना उत्तर द्यायची गरज नाही, कारण ती आज आलेली नाहीत. (हशा) दुसऱ्यांसाठी मात्र थोडं सांगण्यासारखं आहे. ही मालिका आम्हाला मनापासून आवडते, आणि शेवटाकडे गेलं की आम्हाला तिचा रागही येतो. हे दोन्ही एकाच कारणानं होतं, असं आमचं म्हणणं आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी कथानक चटकन सांगतो. ‘मिस्टर क्वीन’ हे नाव परदेशी प्रेक्षकांसाठी. कोरियन नाव ‘चोरिन वांगहू’, म्हणजे राणी चोरिन. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात टीव्हीएन या वाहिनीवर तिचे वीस भाग दाखवले गेले. जांग बोंगह्वान नावाचा आजच्या काळातला एक आचारी आहे. साधासुधा नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातला मुख्य शेफ. स्वतःवर खूश असलेला, बायकांच्या मागे लागणारा गडी. एका कटात अडकतो, पोलिसांपासून पळताना पोहण्याच्या तलावात पडतो, आणि डोळे उघडतो तो थेट १८५१ सालच्या जोसॉन राजवटीत. तेही एका मुलीच्या शरीरात! मुलीचं नाव किम सोयोंग. आणि थोड्याच दिवसांत तिचं राजाशी लग्न आहे.

कल्पना मूळची चिनी. २०१५च्या एका चिनी वेबमालिकेवरून ती घेतलेली आहे. पण कल्पना उसनी असली तरी कोरियन मंडळींनी तिला खऱ्या इतिहासात नेऊन बसवलं, आणि सगळी गंमत आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

आधी गमतीकडे येऊ. पुरुषानं बाईचं सोंग घेणं आपल्याला नवं नाही. ‘मोरूची मावशी’ पाहून हसलेल्या दोन-तीन पिढ्या या सभागृहात बसलेल्या असतील. तिथे आपण हसतो ते लुगडं नेसलेल्या पुरुषाला. इथे उलटं आहे. शिन हेसन ही अभिनेत्री बाईच आहे, आणि बाईच्या शरीरात सापडलेला पुरुष ती करते. त्यामुळे हसू येतं ते पुरुषीपणाचं. ढांगा टाकत चालणं, पाय फाकवून बसणं, समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणं, आपण बोललो की सगळ्यांनी ऐकायचंच हे गृहीत धरणं. या सवयी पुरुषाच्या अंगावर आपल्या डोळ्यांना खुपत नाहीत. राणीच्या अंगावर आल्या की एकदम दिसायला लागतात. डोक्यावरच्या त्या अवजड गंगावनासकट ही बाई जेव्हा महालाच्या अंगणात धावत सुटते, आणि मागून दासींचा लोंढा ‘मामा! मामा!’ करत धावतो, तेव्हा आम्ही दर वेळी हसतो. (‘मामा’ म्हणजे तिकडे राणीसरकार. आपला मामा वेगळा.)

राणीची जी मुख्य परिचारिका आहे, बाई चोई, तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्या. चा चंगह्वा या नटीनं ती भूमिका केलीय. सगळं आयुष्य शिस्तीत घालवलेल्या बाईच्या पदरात अशी राणी येऊन पडते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला संवादाची गरज पडत नाही. चांगल्या प्रहसनाला दोन माणसं लागतात, एक गोंधळ घालणारा आणि एक त्या गोंधळानं पोळणारा. दुसरा चोख नसला तर पहिला नुसता माकडचेष्टा करतो आहे असं वाटतं. या मालिकेत तो दुसरा माणूस चोख आहे.

आता भाषा. ही मालिका आपण बहुतेक सगळे इंग्रजी उपशीर्षकांवर पाहतो, आणि तिथे एक मोठी गोष्ट गळून जाते. कोरियन भाषेत समोरचा कोण आहे त्याप्रमाणे क्रियापदाचा शेवट बदलतो. राजाशी बोलण्याची एक भाषा, बरोबरीच्याशी दुसरी, नोकराशी तिसरी. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम, त्यामुळे बोंगह्वान राणीच्या तोंडून राजाशी जे बोलतो त्यातला निम्मा स्फोट इंग्रजीत ऐकूच येत नाही. मराठी कानाला मात्र तो समजू शकतो. ‘महाराजांनी बसावं’ म्हणायच्या जागी कुणी ‘ए, बस की लेका’ म्हटलं, तेही भर दरबारात, तर काय होईल? दर दहा मिनिटांनी या मालिकेत तेच होतं. आमची तर सूचना आहे की पाहताना मनातल्या मनात मराठी करत जावं. तू, तुम्ही आणि आपण असे तीन जिने आपल्याकडे आहेत. इंग्रजीचा एकच मजला.

आणि राजा काय करतो? तो चिडत नाही. तो टिपून ठेवतो. राणीच्या तोंडून येणाऱ्या विचित्र शब्दांचा तो चक्क एक कोश तयार करतो. ‘नो टच’सारखा शब्द एकोणिसाव्या शतकातला जोसॉनचा राजा गंभीर चेहऱ्यानं वापरायला लागतो. हे नुसतं गोड म्हणून सोडून देऊ नका. ज्या राजाचं दरबारात कुणी ऐकत नाही, तो राजा दुसऱ्या कुणाचं तरी इतकं लक्ष देऊन ऐकतो. या दोघांच्या प्रेमात जे काही खरं आहे ते त्या वहीत आहे, असं आम्हाला वाटतं.

तर या राजाकडे वळू. कारण तो कल्पित नाही.

चोलजोंग. जोसॉन घराण्याचा पंचविसावा राजा. जन्म १८३१चा. त्याचे आजोबा राजघराण्यातले, पण १८०१ साली ख्रिस्ती धर्माविरुद्ध जी धरपकड झाली तिच्यात बळी गेलेले. वडीलभाऊ १८४४ साली राजद्रोहाच्या आरोपात मारला गेला. हा पोरगा कांगह्वा बेटावर हद्दपारीत, दारिद्र्यात वाढला. १८४९ साली आधीचा राजा निपुत्रिक वारला. तेव्हा सुनवॉन नावाच्या वृद्ध राजमातेनं या अठरा वर्षांच्या मुलाला बेटावरून आणून गादीवर बसवलं. का? तर त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं म्हणून. ज्याचं कुणी नाही तो आपल्या मुठीत राहील. राजमाता आंदोंगच्या किम घराण्यातली, आणि खरी सत्ता त्या घराण्याची. पहिली काही वर्षं तर ती सिंहासनामागे बांबूच्या चिकाचा पडदा टाकून बसायची आणि कारभार करायची. पडद्यामागून राज्य करणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, तिथे ती दरबाराची रीतसर पद्धत होती. मग १८५१ साली किम घराण्यातलीच मुलगी त्याला राणी म्हणून दिली. हीच आपली सोयोंग, इतिहासातली राणी चोरिन.

ऐकताना तुमच्यातल्या काहींना साताऱ्याचा रामराजा आठवला असेल. ताराबाईंनी, लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून त्याला पुढे आणलं, शाहू महाराजांच्या पश्चात तो छत्रपती झाला, आणि वर्ष व्हायच्या आत त्याच ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं, तोतया ठरवलं. तपशील वेगळे आहेत, तुलना फार ताणायची नाही. पण आडबाजूला वाढलेल्या पोराला उचलून गादीवर बसवलं की त्याचं पुढे काय होतं, हे समजायला आपल्याला कोरियन असण्याची गरज नाही.

कोरियात या राजाला ‘कांगह्वा दोर्योंग’ म्हणत, म्हणजे कांगह्वाचा छोकरा. त्यात राजेपण नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. अडाणी, शेतात राबलेला, दारूत आणि बायकांत बुडालेला बाहुला, हीच त्याची लोकांच्या मनातली प्रतिमा. म्हणजे या राजाला हसणं मालिकेनं सुरू केलेलं नाही. दीडशेहून जास्त वर्षं लोक त्याला हसतच आले आहेत.

आणि इथे आम्हाला मालिकेची खरी बुद्धी दिसते. ती या हसण्याचा मोहरा फिरवते. किम जंगह्यॉननं केलेला चोलजोंग सुरुवातीला तसाच आहे, मिळमिळीत, राजमातेच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा. हळूहळू कळतं की हे सोंग आहे. रात्री तो तलवार चालवायला शिकतो, माणसं जमवतो. मूर्ख दिसणं ही त्याची ढाल आहे. बाहुला म्हणून ज्याला सगळे हसतात त्यानं ते हसणंच पांघरूण म्हणून अंगावर घेतलंय. आता बघा, एका महालात दोन सोंगं एकाच वेळी चालू आहेत. राणी, जी राणी नाही. राजा, जो बाहुला नाही. दोघंही एकमेकांपासून लपताहेत, आणि दोघांवरही किम घराण्याची नजर आहे. मालिकेचे मधले भाग इतके बहारीचे होतात ते यामुळे. विनोद आणि भीती एकाच प्रसंगात नांदतात. जेवणाच्या ताटावर हसता हसता आठवतं की या ताटात विषही असू शकतं.

ताटावरून आठवलं. बोंगह्वानचं शस्त्र स्वयंपाक आहे, हेही मालिकेनं छान योजलंय. राणी म्हणून त्याला एकही दार आपल्या मर्जीनं उघडता येत नाही. फक्त मुदपाकखान्याचं दार तो जबरदस्तीनं उघडतो. राजमातेच्या जिभेचे चोचले पुरवून तो स्वतःला जगण्यापुरती जागा करून घेतो. सत्तेजवळ जायचा रस्ता पोटातून जातो हे बायकांनी शतकानुशतकं ओळखलेलं गणित एका पुरुषाला नव्यानं शिकावं लागतं.

इथवर सगळं उत्तम. आता भानगड.

पहिल्या एक-दोन भागांतच एक वाक्य आलं. बोंगह्वानला राजाविषयी ऐकीव कल्पना आणि समोरचं दृश्य पाहून वाटतं की काय ते सिल्लोक घेऊन बसलात, ती नुसती ‘चिराशी’ आहे. सिल्लोक म्हणजे जोसॉन राजांची अधिकृत बखर. चिराशी म्हणजे अफवांची पत्रकं, वाटेल ते छापणारी. हे वाक्य विनोद म्हणून आलं आणि कोरियात भडका उडाला. नियामक मंडळाकडे तक्रारी गेल्या. शिवाय पुंगयांगच्या जो घराण्याचे आजचे वंशज मंडळी पुढे आले, की आमच्या घराण्यातल्या राणीला तुम्ही अंधश्रद्ध आणि कारस्थानी दाखवलंत. निर्मात्यांनी माफी मागितली, ते वाक्य काढलं, घराण्यांची नावं बदलली. आंदोंगचे किम ‘आनसोंगचे’ झाले, पुंगयांगचे जो ‘पुंगआनचे’ झाले. सगळं काल्पनिक आहे अशी पाटी लागली. मूळ चिनी कथेच्या लेखकानं दुसऱ्या एका कादंबरीत कोरियन लोकांविषयी हिणकस शब्द वापरले होते, त्याचंही तेल आगीत पडलं. तरीही मालिका चाललीच. शेवटच्या भागाला सतरा टक्क्यांच्या आसपास प्रेक्षक मिळाले, केबल वाहिनीसाठी हा मोठाच आकडा. पण पुढच्याच महिन्यात याच मालिकेच्या लेखकाची ‘जोसॉन एक्सॉर्सिस्ट’ ही दुसरी मालिका इतिहासाच्या विपर्यासावरून दोनच भागांनंतर बंद पडली. मग लोकांचा रोख पुन्हा ‘मिस्टर क्वीन’कडे वळला आणि ती तिकडच्या प्रक्षेपण ॲपवरून उतरवली गेली.

वंशजांच्या भावना, काल्पनिकतेची पाटी, हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आलं तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. हे ऐतिहासिक नाटक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. घराण्याच्या अब्रूचा मुद्दा आम्हाला फारसा पटत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. जो राणीला शेदीडशे वर्षांनी कुणी विनोदात ओढलं तर आकाश कोसळत नाही.

सिल्लोकचा मुद्दा मात्र आम्हाला पटतो. आणि तो देशाभिमानाच्या कारणानं नाही, विनोदाच्याच कारणानं.

सिल्लोक काय चीज आहे ते थोडं सांगायला हवं. १३९२ ते १८६३, म्हणजे ४७२ वर्षं आणि पंचवीस राजे. १९९७ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत त्याची नोंद झाली. दरबारात राजाच्या शेजारी नोंदकार बसायचे. त्यांची कच्ची टिपणं राजानं पाहायची नाहीत, असा दंडक. राजा वारल्यावर त्यांवरून पक्की बखर तयार करायची आणि मग कच्चे कागद ओढ्याच्या पाण्यात धुवून शाई घालवायची, म्हणजे कोण काय म्हणालं यावरून पुढे सूड उगवला जाऊ नये. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. १५९२च्या जपानी स्वारीत त्यातली फक्त जोन्जूची प्रत वाचली, म्हणून आज आपल्याला सुरुवातीच्या राजांचं वाचायला मिळतं.

१४०४ सालची गोष्ट. थेजोंग हा राजा शिकारीला गेला आणि घोड्यावरून पडला. उठून बसल्याबरोबर आजूबाजूला पाहून म्हणाला, नोंदकाराला कळू देऊ नका. आणि हे आपल्याला कसं कळलं? सिल्लोकमध्ये लिहिलंय! (हशा) राजा पडला हेही लिहिलंय, आणि ‘कळू देऊ नका’ म्हणाला हेही लिहिलंय. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनापुढे आजचे पटकथाकार फिके पडतात. ज्या ग्रंथात असा विनोद भरलेला आहे त्याला चिराशी म्हणणं हे विनोदी लेखकानं स्वतःचीच खाण बुजवण्यासारखं झालं. सत्ताधाऱ्याला लपवाछपवी करताना पकडणं हे प्रहसनाचं मूळ काम. जोसॉनमध्ये ते काम सरकारी नोकर करत होते. आणि आणखी एक: युनेस्कोनं नोंदवलेल्या सिल्लोकचा शेवटचा राजा कोण? चोलजोंग. त्याच्या नंतरच्या दोन राजांच्या बखरी जपानी अमलात तयार झाल्या, म्हणून त्या या मालिकेत धरत नाहीत. म्हणजे ज्या राजाच्या पानावर ही परंपरा थांबली त्याच्याच कथेत तिची थट्टा झाली.

हे एक वाक्य होतं, काढलंही गेलं, मग एवढं का बोलायचं? कारण मालिकेच्या शेवटाला हेच वाक्य वेगळ्या रूपात पुन्हा येतं, आणि तेव्हा त्यावर कुणाची तक्रार जात नाही.

शेवट असा. राजा-राणी किम मंडळींचा पाडाव करतात. बोंगह्वान आपल्या काळात, आपल्या शरीरात परत येतो. आणि इतिहासाचं पुस्तक उघडून पाहतो तर चोलजोंग हा मोठा सुधारक राजा म्हणून नोंदला गेलेला! इतिहास बदलला. बोंगह्वानही सुखी, तिकडे सोयोंगही सुखी, तिच्या पोटात बाळ आहे.

पाहताना बरं वाटतं, नाकारत नाही. दोन दिवसांनी मात्र ते खुपायला लागलं. एक तर त्यानं मालिकेनंच उभा केलेला प्रश्न टाळला. राजा कुणावर प्रेम करतो? सोयोंगवर की तिच्या आतल्या त्या पुरुषावर? आणि तो पुरुष राजावर? वीस भाग या प्रश्नाशी खेळल्यावर पाहुण्याला त्याच्या गावी परत पाठवून तो मिटवला. ते एक वेळ सोडून देऊ, वाहिनीवर एवढंच परवडत असेल. पण राजाचं काय?

खऱ्या चोलजोंगच्या कारकिर्दीत, १८६२ साली, जिंजूपासून सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव दक्षिणेत पसरला. कारण कर. जमिनीचा सारा, लष्करी सेवेऐवजी द्यायचं कापड, आणि सरकारी धान्याचं कर्ज, या तिन्ही बाबतींत अधिकाऱ्यांनी रयतेला पिळून काढलं होतं. तेव्हा या राजाच्या दरबारानं या तीन बाबी सुधारण्यासाठी एक खास कचेरी काढली. त्या कचेरीचं नावच तीन कारभारांच्या दुरुस्तीचं होतं. काही महिन्यांत ती बंद पडली. ज्यांच्या ताटात तो कर जात होता त्यांनीच ती सुधारणा राबवायची होती, मग दुसरं काय होणार? पुढच्या हिवाळ्यात, १८६४च्या जानेवारीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी राजा वारला.

म्हणजे या माणसानं एकदा काहीतरी करून पाहिलं होतं आणि तो हरला होता. हद्दपारीत वाढलेला, राबलेला पोरगा, ज्याला रयतेची भूक पुस्तकातून नव्हे तर पोटातून माहीत होती, त्याच्या हातून एक लंगडी कचेरी निघाली आणि ती मेली. मालिकेचा विनोद ज्या माणसाच्या बाजूनं उभा होता तो हाच. त्याला जिंकवून टाकल्यावर तो माणूस उरतच नाही. बाहुला म्हणून हसणाऱ्यांनी त्याची धडपड पाहिली नाही, आणि सुधारक म्हणून टाळ्या देणाऱ्यांनाही ती दिसत नाही. दोन्ही वेळा सिल्लोकमधली गोष्ट कुणाला नकोच आहे.

कुणी म्हणेल, अहो, विनोदी मालिका आहे, शेवट गोड नको का? हवा. पण गोड शेवटाचेही प्रकार असतात. समजा बोंगह्वान परत आला असता, पुस्तक उघडलं असतं, आणि पुस्तकात तेच जुनं असतं: बाहुला राजा, बत्तिसाव्या वर्षी मेला. फक्त वाचणारा बदललेला असता. त्याला एकट्याला माहीत असतं की रात्री तो तलवार शिकत होता, की तो शब्दांची वही ठेवत होता. आम्हाला तो शेवट जास्त गोड लागला असता. अर्थात सतरा टक्के मिळाले असते का, ते सांगवत नाही. (हशा)

चोलजोंगचं एक चित्र शिल्लक आहे. १८६१ साली काढलेलं, लष्करी पोशाखातलं, लालभडक निळं, बारीक कलाकुसरीचं. कोरियन युद्धात राजांची चित्रं बुसानला हलवली होती, तिथे १९५४ साली गोदामाला आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. याचं अर्धवट वाचलं. एका बाजूचा भाग जळून गेला आहे, उरलेल्या भागातून तो आपल्याकडे बघतो. सोलच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाकडे ते आहे, इंटरनेटवरही सहज सापडेल. मालिका पाहून झाल्यावर ते जरूर पाहा. त्याची जळालेली बाजू आता संगणकावर रंगवून पूर्ण करणं कठीण नाही. संग्रहालय मूळ चित्र जळलं तसंच जपतं.

राणीविषयी थोडं, कारण मालिकेचं नाव तिचं आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. खरी राणी चोरिन १८५१ साली महालात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. १८५८ साली तिला मुलगा झाला, तो वर्ष व्हायच्या आत गेला. नवऱ्याच्या मागे ती चौदा वर्षं जगली आणि १८७८ साली वारली. कोयांगला दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत, गवताचे दोन उंचवटे. तिथे तिचं एखादं हसणं नोंदलेलं नाही. म्हणून शिन हेसन त्या जड केसांसकट अंगणात धावत सुटते तो प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो, आणि शेवटचा भाग बहुतेक वेळा अर्ध्यावर बंद करतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेत बाईंनी केव्हाचा हात वर केलाय.